दहा परस खोल: मराठवाड्यातून स्वराज द्वीपला स्कूबाचा कोर्स, दिवसागणिक

‘मालवणला केलंय की स्कूबा!’ असं सांगणारे हल्ली आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. तिथं पर्यटकांना करायला मिळते ती चाखायची डाइव्ह. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरतो, अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटातली हवा तोच कमी-जास्त करतो, मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणून सोडतो. मजा येते, पण पाण्याखाली आपलं आपल्याला काही सांभाळावं लागत नाही. इथं सांगायचंय ते पुढच्या पायरीबद्दल. ‘ओपन वॉटर’ कोर्स पुरा केला, की जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरता येतं. अठरा मीटर म्हणजे दहा परस विहीर. जागा आहे अंदमानातलं स्वराज द्वीप. 2018 पर्यंत त्याचं नाव हॅवलॉक होतं आणि तिथल्या बोलण्यात अजूनही तेच आहे.

विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेल्या माणसाला या कोर्समध्ये एक मोठा फायदा असतो आणि एक मोठा तोटा. पाण्याची भीती नसते, हा फायदा. बुडी मारताना श्वास कोंडायची लहानपणापासूनची सवय हा तोटा, आणि सगळा कोर्स म्हणजे ती सवय मोडण्याचाच कार्यक्रम.

निघण्याआधी

हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. पाणी 27 ते 30 अंश, त्यामुळे तीन मिलीमीटरचा सूट पुरतो. तारखा ठरवताना पंचांग काढा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात ओढतं, गाळ उठतो, लांबचं दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी असते, तेव्हा ओढ कमी. शिकाऊ माणसानं कोर्सचे दिवस अष्टमीच्या मागेपुढे पाडावेत. अमावस्येच्या रात्री तिथल्या समुद्रात पाणी हलवलं की निळसर चमकतं आणि ते पाहायला लोक कयाक घेऊन जातात, हे खरं. दोन्ही एकाच सहलीत साधायचा अट्टहास नको.

वैद्यकीय प्रश्नावली आधीच मागवून घ्या. दमा, फिट्स, हृदयविकार, फुप्फुसावरची किंवा कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरमधूनच घेऊन जा. बेटावर गेल्यावर सहीसाठी डॉक्टर शोधण्यात कोर्सचा दिवस जातो. ‘नाही’वर टिकमार्क करून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो. दम्याच्या माणसाची हवा फुप्फुसात अडकली आणि तो वर आला, तर काय होतं हे कळलं की तो मोह राहत नाही. गरोदरपणात डाइव्ह पूर्ण वर्ज्य. मासिक पाळीत मात्र वैद्यकीय मनाई नाही.

पोहण्याची चाचणी सोपी आहे: 200 मीटर न थांबता, कुठल्याही पद्धतीनं, वेळेचं बंधन नाही, आणि मग दहा मिनिटं तरंगणं. विहिरीतलं डोकं वर काढून हात मारणं चालतं, फक्त 200 मीटर टिकत नाही. महिनाभर आधी तरण तलावावर जायला लागा.

थिअरी ऑनलाइन असते आणि घरी बसून होते. ती उरकूनच निघा. बेटावर संध्याकाळी डोळे मिटत असताना वायूचे नियम डोक्यात शिरत नाहीत.

घरी करायचा एक सराव मात्र चुकवू नका. बादली पाण्यानं भरा, डोळे-नाक झाकणारा मास्क न लावता फक्त स्नॉर्कल, म्हणजे वरची हवा घ्यायची नळी, तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि मिनिटभर तोंडानं श्वास घ्या. पहिल्या पाच सेकंदांत नाकात पाणी जातं आणि माणूस उसळून वर येतो. आठवडाभर रोज केलं की नाक बंद आणि तोंड चालू ठेवायची कला जमते. तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं गाडं अडतं ते इथंच.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का हे सेंटरला आधी विचारा. मिशा असतील तर नाकाखालची एक बारीक पट्टी भादरा. मास्कची कड ओठावर टेकते, तिथं केस आले की पाणी झिरपतं. काही जण व्हॅसलीन लावतात. त्यानं काही मास्कचा रबर खराब होतो, सिलिकॉन ग्रीस चालतं. नवा मास्क विकत घेणार असाल तर काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्ट लावून बोटानं दोन-तीनदा चोळून काढावा लागतो, नाहीतर काच सतत धुरकट होते.

पहिला दिवस: हैदराबाद

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या भागांतल्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं. नांदेडहून रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. संभाजीनगर, जालना, परभणीकरांना देवगिरी एक्स्प्रेस आहेच. हैदराबाद किंवा चेन्नईहून श्री विजयपुरमला विमान सव्वादोन तासांच्या आसपास घेतं. श्री विजयपुरम म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर. नाव 2024 मध्ये बदललं. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

सकाळचं विमान घ्या. पुढची बोट दुपारनंतर मिळत नाही, आणि उशिरा पोचलात तर मुक्काम श्री विजयपुरमलाच. भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही, पण मूळ ओळखपत्र हवं. बोटीच्या तिकिटालाही तेच.

सामानात वजनदार काही नको. उपकरणं सेंटर देतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, दोन पोहण्याचे कपडे, पाण्याची बाटली, डासांचं आणि वाळूतल्या माशांचं मलम एवढं पुरे. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की या वाळूमाश्या पोटऱ्यांना चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. रोख पैसे श्री विजयपुरममध्येच काढा. बेटावर एटीएम मोजकी आणि भरवशाची नाहीत. मोबाइलची परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली आणि तिचा एक फाटा स्वराज द्वीपला आला आहे.

भाकरी मिळणार नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत असली तर बोटीवरच्या सकाळी उपयोगी पडतात.

दुसरा दिवस: बोट आणि कागदपत्रं

खासगी वेगवान बोटीनं दीड ते दोन तास, सरकारी बोटीनं त्याहून जास्त. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. कुठल्या गोळीनं किती झोप येते हे घरी जमिनीवर एकदा पाहून ठेवा. गुंगी आणणारी गोळी घेऊन पाण्याखाली उतरायचं नसतं.

बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर ही गावांची नावं तिथूनच आली. बाजारात बंगाली, बाकी सगळा व्यवहार हिंदीत. डाइव्हच्या बोटींवर काम करणाऱ्यांत मायाबंदरकडचे करेन लोकही भेटतील. 1925 च्या सुमाराला त्यांचे पूर्वज ब्रह्मदेशातून आले. समुद्राचा अंदाज त्यांच्याइतका कुणाला नसतो. बोटीवरचा माणूस ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

सेंटर निवडताना लोक दर विचारतात. कोर्सचा खर्च साधारण तीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे असतो, त्यात हजार-दोन हजारांसाठी घासाघीस करण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? चारपेक्षा जास्त नकोत. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आणि ती चालवता येणारा माणूस आहे का? कोर्स पुरा केल्याचं कार्ड कुठल्या संस्थेचं, पाडी की एसएसआय? ही दोन्ही जगभर चालतात. आणखी एक, उपकरणं वाळत घातलेली जागा पाहून घ्या. धुतलेली, सावलीत टांगलेली जाकिटं आणि गुंडाळी न घातलेल्या नळ्या दिसल्या तर बाकीचंही बहुधा ठीक असतं.

त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. राधानगरचा किनारा पाहायला जा, पण बोर्ड वाचून. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, 2010 मध्ये या बेटावर एका पर्यटक महिलेचा मगरीनं जीव घेतला आहे. जाळी लावलेल्या भागाबाहेर पोहू नका. सूर्य संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळतो आणि पहाटे पाचला उजाडतं, कारण घड्याळ आपलंच आहे पण बेट इतकं पूर्वेला आहे. तिथल्या सगळ्या कामांची वेळ त्यावर बेतलेली असते. रात्री नऊला झोपा.

तिसरा दिवस: छातीइतकं पाणी

याच दिवसावर कोर्स ठरतो. सेंटरच्या तलावात किंवा ‘दोन नंबर’ नावाच्या किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात सकाळी सुरुवात होते.

आधी जमिनीवर जुळणी. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत सुमारे 11 लिटर जागा आणि 200 बार दाबानं भरलेली साधी हवा (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब). ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. दोनशे गुणिले अकरा, म्हणजे बावीसशे लिटर हवा. तिचंच वजन अडीच किलोच्या पुढे जातं, आणि ही गोष्ट पाचव्या दिवशी लागणार आहे. जाकिटाचा पट्टा सिलिंडरला आवळण्याआधी पाण्यात भिजवायचा. नायलॉन भिजलं की सैल होतं. कोरडा पट्टा घट्ट वाटतो, आणि उडी मारल्यावर सिलिंडर घसरून पाठीवर लोंबतो.

सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर बसवून कॉक उघडायचा, हळू आणि पूर्ण. फुस्स आवाज येत राहिला तर रबरी कडी चिरलेली किंवा वाळू अडकलेली. कडी बदलायची, जास्त आवळून काही होत नाही. मग दाबमापकाकडे पाहत तोंडातून चार-पाच श्वास घ्यायचे. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक तो खाली जाऊन परत वर येत असेल तर कॉक अर्धाच उघडलाय. जमिनीवर हवा पुरेशी येतेय असं वाटतं, कारण इथं हवा विरळ. अठरा मीटरवर प्रत्येक श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते आणि तिथं तो अर्धा कॉक घसा आवळतो. म्हणून काटा. ही तपासणी दुसऱ्यावर सोपवू नका, बोटीवरचा पोऱ्या कितीही हुशार असला तरी.

पाण्यात गुडघ्यावर बसवून पहिला नियम सांगतात: श्वास कधीही कोंडायचा नाही. कारण समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागत नाही. विहिरीत बुडी मारताना वरची हवा छातीत भरून नेतो. खाली ती दाबली जाते, वर येताना पुन्हा मूळच्या मापाची होते. जितकी नेली तितकीच आणली. स्कूबात हवा खाली घेतो. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, म्हणजे तिथं भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते. तोंड बंद असेल तर फुप्फुस फाटतं. मीटर-सव्वा मीटर खोलीवर भरून कोंडलेला श्वाससुद्धा पुरतो, म्हणून हा नियम उथळ तलावातही तितकाच कडक. रेग्युलेटर तोंडातून काढला असेल तेव्हा बारीक बुडबुड्यांची ओळ ओठांतून सोडत राहायची. प्रशिक्षक त्या बुडबुड्यांकडेच बघत असतो.

मग मास्कमधलं पाणी काढणं. मास्क अर्धा भरायचा, दोन बोटांनी वरची कड कपाळावर दाबायची, नाकानं सावकाश, लांब श्वास सोडायचा आणि सोडता सोडता मान थोडी वर करायची. हवा वर राहते, पाणी खालच्या कडेतून बाहेर. इथं तीन गोष्टी बिघडतात. श्वास तोंडानंच सोडला जातो. बुडबुडे दिसतात, मास्क भरलेलाच. किंवा फुंकर सुरू व्हायच्या आधी मान वर होते आणि पाणी थेट नाकात. किंवा फुंकर इतकी जोरात की हवा वरच्या कडेनं निसटते. सावकाश हा शब्द प्रशिक्षक दहादा सांगतो तो यासाठी. त्यानंतर मास्क पूर्ण काढून मिनिटभर श्वास घ्यायचा असतो. बादलीवाले इथं पास होतात.

हवा संपल्याची खूण, म्हणजे गळ्यावरून आडवा हात, आणि जोडीदाराचा पिवळा राखीव रेग्युलेटर तोंडात घेणं. हे दहा वेळा करून घ्या, कंटाळा येईपर्यंत. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. लग्नाच्या फोटोत अंगठा दाखवायची सवय असलेले पहिल्या डाइव्हला सगळा गट वर घेऊन येतात. ‘ठीक आहे’ला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

दुपारनंतर तरंगणं. सगळ्यात अवघड हेच आणि कोर्समध्ये सगळ्यात कमी वेळ यालाच मिळतो. आधी वजन: कंबरेला शिशाचे तुकडे. तीन मिलीमीटर सूट घातलेल्या सत्तर किलोच्या माणसाला समुद्रात चार ते सहा किलोच्या आसपास. गोड्या पाण्याच्या तलावात सराव केलेल्याला समुद्रात दोनेक किलो जास्त लागतात, कारण खारं पाणी अडीच टक्के जड. पारखायची रीत अशी: जाकीट रिकामं, छातीत नेहमीइतका श्वास, माणूस डोळ्यांच्या रेषेपर्यंत पाण्यात तरंगला पाहिजे आणि श्वास सोडला की बुडला पाहिजे. घाईच्या सेंटरात सगळ्यांना आठ किलो बांधून टाकतात, म्हणजे कुणी वर सुटत नाही. मग जाकिटात हवा भरत राहावी लागते, अंग उभं राहतं, पाय प्रवाळावर आपटतात आणि सिलिंडर निम्म्या वेळात रिकामा. वजन पारखून घ्यायचा आग्रह धरा.

खाली स्थिर राहणं छातीनं जमवायचं असतं, जाकिटात हवा भरायच्या बटणानं नव्हे. श्वास घेतला की माणूस लगेच वर जात नाही, एक-दोन सेकंदांनी जातो. नवशिक्याला वाटतं काही झालंच नाही, तो हवेचं बटण दाबतो. तेवढ्यात छातीचा परिणाम आणि जाकिटाचा परिणाम एकदम येतात आणि तो वर सुटतो. घाबरून सगळी हवा सोडतो, मग दगडासारखा खाली. बटण दाबायचं ते अर्धा सेकंद, मग दोन पूर्ण श्वास वाट पाहायची.

चौथा दिवस: पहिली खोली

रात्री हरभरा, राजमा, सोडा-पेय नको. पोटातला वायू वर येताना फुगतो आणि कळ येते. सकाळी हलकं खाऊन दीड-दोन तास जाऊ द्या. उपाशीपोटी बोट जास्त लागते. तंबाखूची गोळी दाढेत ठेवून रेग्युलेटर तोंडात धरणारे महाभाग असतात; ठसका लागला तर थुंकायला खाली जागा नसते. अंगठ्या, मंगळसूत्र, लांब कानातलं खोलीवर ठेवून या. केस पट्ट्याखाली घट्ट बांधा, डोक्याला तेल नको.

वेळ भरतीवर ठरते. ओहोटीत दोन नंबर किनाऱ्याचं पाणी लांब मागे जातं आणि उघड्या दगड-प्रवाळावरून सिलिंडर पाठीवर घेऊन चालणं कुणालाच झेपत नाही. निमो रीफ किनाऱ्याजवळच आहे आणि पहिल्या डाइव्हला बहुतेक तिथंच नेतात. दहा-बारा मीटरपलीकडे जायचं नाही.

उतरताना कान. विहिरीच्या तळाला कान दुखतो आणि आपण दात खाऊन सहन करतो. इथं सहन करायचं नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा, आणि तेही दुखायच्या आधी. पहिल्यांदा पाण्याच्या पृष्ठभागावरच, मग अर्ध्या-अर्ध्या मीटरला. मोकळा झाला नाही तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावून फुंकलं तर आतल्या कानाला इजा होते. पहिल्या तीन-चार मीटरांतच कानांना सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचं, खाली तिचा असर संपायचा आणि वर येताना हवा आत अडकायची. हे खाली अडकण्यापेक्षा वाईट, कारण खाली कायमचं थांबता येत नाही.

खाली काय दिसेल? फोटोंत दिसतो तो लाल-केशरी झगमगाट नव्हे. पाणी लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच गिळतं, मग केशरी. बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. फोटोतले रंग दिव्याचे असतात. वस्तू एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून हात कमी पडतो. आणि उथळ प्रवाळ सगळीकडे जिवंत नाही. 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानचं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, त्यातला बराच भाग मेला. राखाडी, शेवाळलेल्या फांद्यांमध्ये नवी वाढ असं मिश्र चित्र आहे. मासे मात्र भरपूर. समुद्रफुलात लपणारे जोकर मासे, प्रवाळ कुरतडणारे पोपट मासे (कान दिला तर कुरकुर ऐकू येते), बिळातून तोंड उघडझाप करणारी मोरे नावाची सापासारखी वाम. ती धमकी नसते, तिचं श्वास घेणंच तसं असतं.

एका माशाची ओळख आधीच असू द्या: टायटन ट्रिगर. हातभर लांब, जाड ओठ, दात मजबूत. घरटं राखताना तो माणसावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी पसरते, म्हणजे वर पळालं की आपण त्याच हद्दीत राहतो. आडवं पोहत दूर जायचं, पाय त्याच्याकडे ठेवून. चावलाच तर पायातल्या फिनला चावू द्या. सिंहमासा आणि दगडमासा स्वतः हल्ला करत नाहीत, आपण हात टेकतो तेव्हा काटा रुततो. त्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवणं हा पहिला उपाय. एकूण नियम सोपा: कशालाही हात लावायचा नाही.

पाचवा दिवस: अठरा मीटर

पहाटे सहाला बोट. तिसरी आणि चौथी डाइव्ह, खोली अठरापर्यंत. दीपगृहाजवळची जागा आणि तिच्यासारख्या उताराच्या जागा शिकाऊंना ठीक. ‘द वॉल’चा वरचा भाग उथळ आणि खालची भिंत बरीच खोल जाते, तिथं मापाकडे न पाहता मासे बघत राहिलं की कधी पंचवीस गाठले ते कळत नाही. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज या बेटाच्या नावाजलेल्या जागा लांब आहेत, ओढ असते, आणि बघण्यासारखं सगळं अठराच्या खाली. नवं कार्ड हातात आल्या-आल्या तिथं न्यायला कुणी तयार झालं तर तो तुमचा हितचिंतक नाही.

हवेचा हिशेब बोटीवरच करा. नवशिका वर मिनिटाला वीस-पंचवीस लिटर हवा घेतो. अठरा मीटरवर दाब 2.8 बार, म्हणजे तीच हवा मिनिटाला छप्पन ते सत्तर लिटर. 200 पैकी 50 बार राखीव, उरले 150. गुणिले अकरा, साडेसोळाशे लिटर. सगळा वेळ तळाशी घालवला तर पंचवीस-तीस मिनिटं. सरासरी बारा मीटरवर राहिलात तर पस्तीसच्या आसपास. म्हणून आधी खोल जायचं आणि मग उतारावरून हळूहळू वर सरकत यायचं. 100 बार झाल्यावर खूण करायची, 50 ला वर यायचं. जोडीदाराची हवा आधी संपली तरी दोघांनी एकत्र वर यायचं असतं, आणि त्यावरून बोटीवर रुसवे-फुगवे होतात, विशेषतः नवरा-बायकोत.

वर येण्यासाठी बटण दाबून हवा भरायची नाही. उलट वर येताना जाकिटातली आधीची हवा आपोआप फुगते, ती सोडत यायची आणि फिन्स मारत मिनिटाला नऊ मीटरपेक्षा हळू. आपल्या सर्वांत बारीक बुडबुड्याच्या पुढे जायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला. इथं ते अडीच किलो आठवा: सिलिंडर आता रिकामा आणि म्हणून हलका, आणि नेमका याच थांब्यावर माणूस बुचासारखा वर जायला बघतो. ज्यानं सुरुवातीला वजन भरल्या सिलिंडरवर जेमतेम बसवलं, तो इथं थांबू शकत नाही. म्हणून पारखताना रिकाम्या सिलिंडरसाठी दोनेक किलोची तजवीज करून ठेवायची.

दुपारी लेखी परीक्षा, लॉगबुक म्हणजे डाइव्हची नोंदवही भरणं, प्रशिक्षकाची सही. लॉगबुकात वेळ, कमाल खोली, किती मिनिटं, किती वजन, कुठला सूट हे लिहा. माशांची नावं नंतर लिहिली तरी चालतील, वजनाचा आकडा पुढच्या वेळी लागतो. शेवटची डाइव्ह किती वाजता संपली ते ठळक लिहा.

सहावा दिवस: कोरडा

विमानात दाब कमी असतो, अंगातला उरलेला नायट्रोजन तिथं बुडबुडे करू शकतो. एकच साधी डाइव्ह झाली असेल तर विमानाआधी 12 तास, अनेक दिवस रोज डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18. पूर्ण 24 तास ठेवले तर हिशेबच करायला नको. टूरवाल्यांच्या पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये हा दिवस कापलेला असतो आणि ‘सकाळी डाइव्ह, दुपारी विमान’ छापलेलं असतं. तसं करू नका. (हाच नियम घाटालाही: मालवणहून डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे लातूरला निघणारे 690 मीटर चढतात, ते कुणी मोजत नाही.)

बोट समुद्रसपाटीवरच चालते, तेव्हा या दिवशी श्री विजयपुरमला परत या. सेल्युलर जेल पाहायला हा दिवस योग्य. 1906 मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. मराठी माणसं सावरकरांची कोठडी पाहून निघतात. फाशीघर आणि कोलूची जागाही थांबून पाहावी.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, किनाऱ्यावर पडलेले असले तरीही. कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅग उघडतात. दुकानातून घेतलेल्या शिंपल्याची पावती जपून ठेवा.

सातवा दिवस: परत

विमानात कान किंचित दडपल्यासारखा वाटला तर आवंढा गिळत राहा. कानात पाणी राहून आठवड्यानं खाज, दुखणं सुरू होणं नेहमीचं आहे. काडी घालू नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

सांधा खोल ठणकणं, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, अंगावर जाळीदार लाल चट्टे, न उतरणारा थकवा यांपैकी काही शेवटच्या डाइव्हनंतर दिवसभरात दिसलं, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका; ते नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे असू शकतं. आपल्याकडच्या दवाखान्यात स्कूबाचा रुग्ण सहसा येत नाही, त्यामुळे डॉक्टर स्वतःहून विचारणार नाहीत. लॉगबुक पुढे करा, डाइव्ह कधी केली, किती खोल आणि विमान कधी घेतलं हे सांगा, आणि तपासण्या होईपर्यंत मास्कनं शंभर टक्के ऑक्सिजन लावायची विनंती करा. जाताना सेंटरचा फोन नंबर लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहून घेतलेला असला, तर डॉक्टरांना थेट प्रशिक्षकाशी बोलता येतं.